कोयता, क्लिपा आणि खलाशांचा सिनेमा

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे पाल्हाळ लावलं होतं ते थोडं छाटलंय, बाकी भाषा तीच ठेवलीय.

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या कारखान्यांकडं निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठलाही तालुका घ्या. त्याच सुमारास आपल्या फोनवर क्लिपा यायला लागतात. ट्रॉलीत संसार आणि संसारावर बसलेली माणसं. फडात मोळी बांधणारं जोडपं. कोपीसमोरची चूल. वर एखादं गाणं टाकलेलं. आपण बघतो, पुढं ढकलतो, आणि फोन भरला की सगळं एकदम डिलीट मारतो.

आजचा प्रश्न असा, की या क्लिपांना काही किंमत आहे का? म्हणजे व्ह्यूजची नाही, टिकून राहण्याची किंमत. उत्तर शोधायला मी तुम्हाला मुंबईच्या एका स्टुडिओत नेते. त्याचं नाव 'कॅम्प'. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी तो 2007 साली सुरू केला. ही मंडळी व्हिडिओ कलावंत आहेत.

आता व्हिडिओ कला म्हणजे काय? सिनेमात गोष्ट असते, बातमीत माहिती असते. व्हिडिओ कलेत आणखी एक प्रश्न असतो: कॅमेरा कुणाच्या हातात आहे, कोण बघतंय आणि कुणाला बघितलं जातंय? नाम जून पाइक या कोरियन कलावंतानं 1963 साली जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात टीव्ही संचांशीच छेडछाड करून प्रदर्शन भरवलं. टीव्ही नुसता बघायचा नसतो, त्याच्याशी खेळता येतं, त्याला उलट बोलता येतं, हे त्यानं दाखवलं. त्याच पाइकच्या नावानं दक्षिण कोरियातल्या कला केंद्राकडून जो पुरस्कार दिला जातो, तो 2020 साली कॅम्पला मिळाला.

कॅम्पचं जे काम आपल्या सगळ्यात जवळचं आहे, ते समुद्रावरचं आहे. ऐकायला विचित्र वाटेल, पण थांबा.

कच्छ आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरची माणसं आजही मोठ्या लाकडी जहाजांवर कामाला जातात. ती जहाजं शारजाहून माल भरून सोमालियाच्या बंदरांकडं जातात, इराणकडं जातात. महिनोन्‌महिने घर नाही. 2009 साली कॅम्पनं शारजाच्या बंदरावर काम सुरू केलं. आधी नुसता अभ्यास: कुठलं जहाज, कुठला माल, कुठं निघालंय. त्याच्या नोंदींचं पुस्तक केलं. शिवाय बंदरावरून रेडिओ चालवला, 'रेडिओ मीना'. मीना म्हणजे अरबीत बंदर. बघा, पॉडकास्टवाल्यांचे पूर्वजच की!

तिथं त्यांच्या लक्षात आलं, की खलाशी स्वतःच फोनवर शूटिंग करतात. वादळ, डॉल्फिन, डेकवरचा स्वयंपाक, सोबतचं दुसरं जहाज. त्यावर आवडीचं गाणं चढवतात, कधी कव्वाली, कधी हिंदी सिनेमातलं, आणि एकमेकांच्या फोनवर पाठवतात. आपल्या ऊसतोडीच्या क्लिपांसारखंच सगळं, फक्त उसाच्या जागी पाणी.

एखाद्यानं काय केलं असतं? चांगला कॅमेरा घेऊन गेला असता, दोन मुलाखती घेतल्या असत्या आणि 'खलाशांचं खडतर जीवन' म्हणून माहितीपट काढला असता. कॅम्पनं वर्षानुवर्षं खलाशांशी बोलणं चालू ठेवलं, त्यांच्या क्लिपा मागून घेतल्या आणि आपल्या शूटिंगसोबत त्या जोडल्या. 2013 साली 'फ्रॉम गल्फ टु गल्फ टु गल्फ' हा सुमारे 83 मिनिटांचा सिनेमा तयार झाला. नावातली तीन आखातं म्हणजे कच्छचं, इराणचं आणि एडनचं. क्लिपांमधलं चित्र फुटतं, रंग उडतात, तरी ती तशीच ठेवलीत. खलाशानं जे गाणं लावलं होतं तेही तसंच. कारण ते गाणं म्हणजेच त्याचं म्हणणं आहे. भर समुद्रात हेच गाणं का लावावंसं वाटलं, यात त्याचं सगळं मन आलं.

आणि हे काम थांबलेलं नाही. 2022 साली त्यांनी 'बॉम्बे टिल्ट्स डाऊन' केलं. मुंबईत एका 35 मजली इमारतीवर साधा सीसीटीव्ही कॅमेरा बसवला आणि लांबून फिरवला. तोच, जो आपल्यावर पाळत ठेवतो. इथं तो आधी टॉवर आणि समुद्र दाखवतो, मग मान खाली घालत वस्त्यांच्या पत्र्यांपर्यंत, रस्त्यावरच्या माणसांपर्यंत येतो. सात पडद्यांवर ते एकाच वेळी चालतं. पाळतीचं यंत्र तेच, पण बघण्याची रीत बदलली की शहराची चढउतार डोळ्यांत भरते. 2025 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये कॅम्पच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात उपयोगी काम दिसायला सगळ्यात साधं आहे. 2008 साली मुंबई, बंगळुरू आणि बर्लिनमधल्या संस्थांनी मिळून 'पॅड डॉट एमए' नावाचा ऑनलाइन व्हिडिओ संग्रह सुरू केला. कॅम्प त्यातलाच एक. तिथं तयार सिनेमे ठेवण्यापेक्षा सिनेमा करताना जे कच्चं शूटिंग उरतं, ते ठेवायचं अशी कल्पना आहे. आणि नुसतं ठेवायचं नाही. कितव्या सेकंदाला कोण काय बोललं, जागा कुठली, मागं काय चाललंय, हे त्या-त्या जागी लिहून ठेवता येतं. म्हणजे वीस वर्षांनी कुणी शोधलं तरी सापडेल.

हे नोंदीचं महत्त्व बीडला नवीन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1996 साली आपल्या माजलगावात बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं. म्हणूनच दोन दशकांनी 'पारी' या संकेतस्थळाला त्या ओव्या नावानिशी पुन्हा लोकांसमोर आणता आल्या. नाव लिहिलं नसतं, तर राहिला असता फक्त 'एका बाईचा आवाज'.

आता ऊसतोडीकडं या. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. त्या वहीत बाईचं वेगळं नाव नसतं. पण क्लिपमध्ये ती दिसते. पहाटे फडात, डोक्यावर मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढताना, परत येऊन भाकरी थापताना. तिचं काम किती तासांचं आहे याचा पुरावा कदाचित फक्त तुमच्या फोनमध्ये असेल, आणि तो आपण डिलीट मारतोय.

म्हणून सांगते, तुमच्या घरचं कुणी ऊसतोडीला जात असेल किंवा तुम्ही स्वतः जात असाल, तर चार गोष्टी करा. एक, मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून व्हिडिओ बारीक होतो. दोन, फाइलला नाव द्या: तारीख, फड कुठल्या गावचा, शूटिंग कुणाचं. तीन, जे दिसतात त्यांना विचारा, ठेवू का, कुणाला दाखवू का. पोरांचे चेहरे आणि कोपीतलं खाजगी काही असेल तर ते बाहेर टाकू नका. चार, गाणं कुणी निवडलं आणि का, हे विचारून लिहून ठेवा. ते तर कुठल्याच सरकारी अहवालात मिळणार नाही.

यातून लगेच न्यूयॉर्कला प्रदर्शन लागेल असं मी म्हणत नाही. पण यंदाच्या सीझनला सुरुवात करा. पट्टा पडून टोळी घरी आली, की एखाद्या संध्याकाळी देवळासमोर पांढरी चादर बांधा आणि ज्यांनी ऊस तोडला त्यांनाच आधी दाखवा. मागं कोण काय बोलतंय, तेही रेकॉर्ड करायला विसरू नका.

भेटूया पुढच्या भागात.