पिल्लाचा दात बारीक असला तरी

फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात काढलेला एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीवहिनी, पुतण्या मुकुंद आहेत आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. आम्ही तो फोटो लहानपणापासून बघत आलो. टॉबीकडे मात्र नीट लक्ष गेले ते आमच्या घरात तिसरे कुत्रे आले तेव्हा.

नांदेडला आमच्याकडे मोती आणि राणी ही दोन म्हातारी कुत्री आहेत. मोतीला आता कमी ऐकू येते, राणीच्या डोळ्यांवर पांढरट पडदा आला आहे. त्यात लातूरच्या बहिणीने दोन महिन्यांचे पिल्लू दिले. आल्या दिवशीच त्याने दप्तराचा बंद तोडला आणि दुसऱ्या दिवशी एक चप्पल संपवली. मोतीच्या शेपटीला लोंबकळणे हा त्याचा रोजचा उद्योग. मोती गुरगुरला की आम्ही मोतीलाच रागवायचो. ही आमची चूक होती. म्हातारे कुत्रे गुरगुरून पिल्लाला मर्यादा शिकवत असते. त्याला मारू नये, पिल्लाला उचलून बाजूला न्यावे. झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला लेकरांनी एकदम हात लावू नये. ऐकू येत नसेल तर ते दचकून चावते.

खरी गोष्ट आठव्या दिवशी घडली. खेळताना पिल्लाचा दात लेकीच्या बोटाला लागला आणि रक्ताचा थेंब आला. आजी तिखट आणायला उठल्या. शेजारी म्हणाले, “घरचंच पिल्लू आहे, त्याला काय होतंय?” खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते.

पण पिल्लाची आई रस्त्यावरची, तिला लस दिलेली नव्हती. पिल्लालाही अजून मिळाली नव्हती, कारण रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पिल्लू लहान म्हणून रेबीज त्याला सोडत नाही. माणसात एकदा लक्षणे दिसली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. लक्षणांच्या आधी घेतलेली लसच वाचवते.

म्हणून आधी जखम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे, नुसती खळबळून नाही. तिखट, चुना, हळद, तेल काहीही भरायचे नाही, घट्ट पट्टीही बांधायची नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. आम्ही विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. लातूरकरांना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच गेले. आता दंडावर, कातडीत लस देतात: पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेच्या जागी इम्युनोग्लोब्युलिनही देतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगतात, पण ते दहा दिवस संपण्याची वाट बघत लस लांबवायची नसते. पुढच्या डोसांचे डॉक्टर ठरवतात. बुडालेल्या मजुरीचा विचार करून मधला डोस चुकवणारे आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना घरच्यांनी हाताला धरून न्यावे.

पिल्लाचेही काम होतेच. त्याला जंताचे औषध दिले, कारण पिल्लाच्या विष्ठेतले जंत अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात जातात. रक्ताची हगवण आणि उलट्या करून पिल्ले पटापट मरतात, तो पार्व्हो. त्याची लस दीड-दोन महिन्यांपासून सुरू होते. तीन महिन्यांनी रेबीजची, आणि ती पुढे दर वर्षी. म्हाताऱ्यांनाही, वय झाले म्हणून सूट नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

बावीस प्रतिज्ञांमधली तेरावी प्राणिमात्रांवरच्या दयेची आहे. आमच्या घरी तिचा अर्थ सध्या असा: मोतीला भाकरी वरणात भिजवून, राणीला थंडीत गोणपाटाची घडी, आणि शिजवलेले हाड कुणालाच नाही, ते फुटून घशात अडकते.

अठ्ठाविसाव्या दिवशी लेक शेवटची लस घेऊन घरी आली, तेव्हा पिल्लू तिची दुसरी चप्पल घेऊन कॉटखाली बसले होते.