हिरव्या पाण्यापासून चार पावले दूर

हिरवा रंग कवींचा लाडका. माझ्याही कवितांतून तो वारंवार येतो. पण आज ज्या हिरव्याविषयी बोलायचे आहे, तो दिसताच चार पावले मागे सरकावे.

मागच्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या एका साचलेल्या डोहाशी माझा नातू कपडे काढून उडी मारायला निघाला. काठाशी हिरवा रंग सांडावा तशी साय पसरली होती. मी त्याचा हात धरला. “नाना, शेवाळच तर आहे!” तो म्हणाला.

शेवाळा-शेवाळात फरक असतो. घाटाच्या पायरीवरचे केसाळ शेवाळ पाय घसरवते. सहसा विष देत नाही. निळे-हिरवे शेवाळ मात्र खरे तर जिवाणूंचे कूळ. त्यातले काही भातखाचरात खत म्हणून कामाला येतात, पण काही जाती विष तयार करतात. कडक ऊन, थांबलेले पाणी आणि सांडपाण्यातून व खतांतून आलेले नत्र-स्फुरद मिळाले, की ते बेसुमार वाढते. अशा पाण्याने अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. पोटात गेले तर उलट्या, जुलाब होतात. त्यातले मायक्रोसिस्टिन नावाचे विष यकृताला इजा करते. पोहताना मुले जास्त पाणी गिळतात आणि जनावरे तर तेच पितात, म्हणून त्यांना धोका अधिक.

ओळखायचे कसे? लांब काठी बुडवून पाहा. केसांसारखे धागे वर आले, तर बहुधा साधे शेवाळ. काठी रंगाने माखली, तर पाण्यात उतरू नका. चुकून उतरलात तर लगेच स्वच्छ पाण्याने अंग धुवा. त्रास झाल्यास डॉक्टरांना डोहाविषयी जरूर सांगा.

पाणी उकळले की झाले, असे आपण मानतो. हे विष उकळून जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या नळाला ईरी सरोवरातून हे विष आले, तेव्हा लाखो लोकांना ‘पिऊ नका, उकळूही नका’ असे बजावावे लागले होते.

माझी दादी म्हणायची, घाणीने ज्याचा रंग, वास किंवा चव बदलली, त्या पाण्याने वजू करू नये. तिला जिवाणू ठाऊक नव्हते, पण पहिली पारख तिची बरोबर होती. फक्त एक भर घालतो: साय विरून पाणी नितळ दिसले, तरी विष काही दिवस राहू शकते. तेव्हा घाई नको.

नातू त्या दिवशी रुसला. घरी येऊन बादलीभर पाण्याने न्हाला.