मेरिडियन आणि स्नायूंवरचा पापुद्रा

मटण साफ करताना स्नायूंवर जो चिवट पांढरा पापुद्रा दिसतो, ती फॅशिया. अ‍ॅक्युपंक्चर या सुया टोचण्याच्या चिनी उपचारात शरीरातून ‘ची’ ही प्राणशक्ती ज्या वाटांनी वाहते असे मानतात, त्या मेरिडियन रेषा म्हणजे हाच पापुद्रा का? २००२ मध्ये संशोधक हेलेन लँजेव्हिन यांनी मृतदेहाच्या हाताचे छेद तपासले, तेव्हा सुमारे ८० टक्के अ‍ॅक्युपंक्चर बिंदू या पापुद्र्यांच्या थरांवर आले. सुई फिरवली की तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात, हेही वेगळ्या प्रयोगांत दिसले. पण म्हणून तिथून ‘ची’ वाहते, असे ठरत नाही. कुणी म्हणेल, गुण तर येतो! येतो, मात्र २००७ च्या जर्मन चाचणीत भलत्या जागी वरवर टोचूनही कंबरदुखीला जवळपास तितकाच आराम पडला. माझ्या मते मेरिडियन हा हातांनी चाचपून काढलेला जुना नकाशा आहे, शरीरातली नळी नव्हे. सुया टोचून घ्यायच्या तर जरूर घ्या, पण आधी दुखण्याचे निदान करून घ्या.