मासळीसाठी गाडी: आधी वजन काढा, मग मॉडेल बघा



पावसाळ्यात शेततळ्यात सोडलेली कटला, राहू, मृगळची बोटुकली आता विक्रीच्या वजनाला येत आहे. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी खाली गेलं की एकामागून एक तळी काढायला येतील. त्यामुळे सध्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आहे: "मासळी न्यायला स्वतःची गाडी घ्यावी का, आणि कोणती?"

शोरूमला गेलात तर ते मॉडेल दाखवतील, हप्ता सांगतील. तुमच्या एका फेरीचं वजन मात्र ते काढून देणार नाहीत. ते तुम्हालाच काढावं लागेल. हा मेसेज त्यासाठी आहे. थोडा मोठा आहे, पण गाडी बुक करण्याआधी पूर्ण वाचा.

*1) मासळीच्या गाडीत मासळी निम्मीच असते*

कांदा भरला तर गाडीत कांदाच असतो. मासळीचं तसं नाही. तळ्यातून काढलेला मासा साधारण 28 अंशांवर असतो, तो शून्याजवळ आणायचा असतो. 10 किलो मासा नुसता थंड करायलाच सुमारे 3 किलो बर्फ विरघळतो. पुढे बाजारात पोचेपर्यंत बाहेरची उष्णता आत येत राहते, तिच्यासाठी वेगळा बर्फ लागतो. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या क्रेटमधून मासळी न्यायची तर *एक किलो मासळीला एक किलो बर्फ* हाच हिशोब धरा. बर्फात काटकसर केली की मासा मऊ पडतो, कल्ल्यांचा लाल रंग उतरतो आणि व्यापारी तिथेच भाव पाडतो.

आता "पाऊण टनाची" म्हणतात ती छोटा हत्तीच्या वर्गातली गाडी घ्या. भार 750 किलो धरू.

मासळी 300 किलो
बर्फ 300 किलो
15 क्रेट, सुमारे 30 किलो
ड्रायव्हर आणि एक माणूस, सुमारे 130 किलो
*एकूण 760 किलो*

म्हणजे पाऊण टनाची गाडी 300 किलो मासळीतच भरली! "750 किलोची गाडी आहे, 600 किलो मासळी सहज जाईल" असं धरून चालणाऱ्यांची गाडी पहिल्याच फेरीला ओव्हरलोड होते.

माणसांचं वजन का धरलं? कारण आरसीवर गाडीचं जे रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्यात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नसतात. आरसीवर दोन आकडे बघा: रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतं, तेवढ्यातच माल, बर्फ, पेटी आणि माणसं बसवायची. जाहिरातीतला आकडा सोडा, आरसीवरचा धरा. एकाच मॉडेलच्या डिझेल, पेट्रोल आणि सीएनजी गाडीत हा आकडा वेगळा असतो, कारण सीएनजीच्या टाकीचं वजन भारातून कमी होतं.

*2) पेटी चांगली तर बर्फ कमी*

पफची जाड भिंत असलेली, झाकण घट्ट बसणारी पेटी वापरली तर कमी अंतरासाठी बर्फ निम्म्यावर आणता येतो. वरच्याच गाडीत 300 किलो मासळी, 150 किलो बर्फ, 60 किलोच्या पेट्या आणि दोन माणसं मिळून 640 किलो होतात. 110 किलो जागा उरते. म्हणून एक नंबर मोठी गाडी घेण्याआधी चांगल्या पेटीचा विचार करा. पेटीला हप्ता नसतो, पासिंग नसतं आणि उद्या गाडी बदलली तरी पेटी तीच चालते.

पेटीच्या तळाला निचऱ्याची तोटी हवीच. वितळलेल्या पाण्यात बुडालेला मासा लवकर खराब होतो. तोटीला नळी जोडून पाणी कॅनमध्ये घ्या. हौद्यात सोडलं तर पत्रा सांध्यातून गंजतो, आणि रस्त्यावर सांडलं तर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो.

*3) जिवंत मासळी न्यायची असेल तर*

पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. 500 लिटरची टाकी भरली की 500 किलो तिथेच गेले. वर टाकी, हवेचा पंप आणि मासे. पाऊण टनाच्या गाडीत यापेक्षा जास्त होत नाही. अर्धवट भरलेली टाकी तर जास्त धोक्याची. वळणावर आणि ब्रेक मारल्यावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी ओढली जाते. टाकीत आडवे पडदे असावेत. टाकी केबिनच्या मागे लागून, घट्ट बांधलेली असावी.

*4) कोणाला कोणती गाडी*

▪️ एका फेरीला 20-30 किलो, गावात आणि आसपास विक्री: दुचाकी आणि बर्फाची पेटी पुरेशी.

▪️ 200 किलोपर्यंत: अर्धा टन भाराची मालवाहू तीनचाकी. चाकण, मोशी, भोसरीच्या गल्लीबोळात सोयीची. पण बहुतेक तीनचाकीत सीट फक्त ड्रायव्हरची असते, मदतनीस वेगळा यावा लागतो. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी आहे.

▪️ 200 ते 350 किलो: पाऊण टनाची छोटी चारचाकी. शेततळ्याच्या बहुतेक सभासदांचं काम इथेच भागतं.

▪️ 500 ते 650 किलो: दीड टनाची पिकअप. 650 मासळी, 650 बर्फ, क्रेट आणि माणसं धरून हीही जवळजवळ भरते.

▪️ त्यापेक्षा जास्त: भाड्याची मोठी गाडी, किंवा दोन-तीन सभासदांनी मिळून एक फेरी.

*5) वर्षात फेऱ्या किती?*

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एका तळ्याची पूर्ण काढणी वर्षातून एकदा होते. मधे मोठे मासे निवडून काढले तरी फेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्या चार-सहा दिवसांसाठी गाडी घेतली तर ती उरलेलं वर्ष अंगणात उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो.

समजा 5 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 5 वर्षं मुदत. हप्ता सुमारे 10,600 रुपये. भाड्याची गाडी एका फेरीला 2,000 रुपये घेते असं धरलं, तर *दर महिन्याला पाचपेक्षा जास्त फेऱ्या* झाल्या तरच नुसता हप्ता निघतो. विमा, टायर, सर्व्हिस, ड्रायव्हर हे सगळं वेगळं. तुमच्या गावचा खरा भाडेदर घालून हा हिशोब कागदावर करा.

म्हणून गाडी नेहमीच्या कामाला पुरेल एवढी घ्या, मोठ्या काढणीला भाड्याने लावा. महिन्याला आठ-दहा फेऱ्या भाजीच्या, फुलांच्या, कांद्याच्या होत असतील आणि मासळी त्यात भर असेल, तर गाडी परवडते. अशा गाडीला लाकडी फळ्यांचा तळ नको. लाकूड वास धरतं आणि दुसऱ्या दिवशी फुलांना गिऱ्हाईक नाक मुरडतं. पत्र्याचा तळ, त्यावर रबरी मॅट आणि मासळीनंतर ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुणं एवढं ठेवा.

*6) रस्ता आणि वेळ*

करंजविहिरे, आंबेठाणकडून येणाऱ्यांना चाकणमधून जावंच लागतं. कंपन्यांच्या शिफ्टच्या बस आणि कंटेनर सुरू झाले की आंबेठाण चौक आणि तळेगाव चौकात गाडी किती वेळ अडकेल ते सांगता येत नाही. अर्ध्या तासाचा रस्ता दीड तासाचा झाला की बर्फाचा हिशोब बिघडतो. जाळं पहाटे टाका, मासळी लगेच बर्फात घ्या आणि गर्दीआधी चाकण ओलांडा.

तळ्यापर्यंतची वाटही बघा. बांधावरच्या कच्च्या वाटेवर भरलेली गाडी रुतली तर ट्रॅक्टर येईपर्यंत बर्फ संपतो. गाडी पक्क्या जागी उभी करून क्रेट तिथपर्यंत नेणं केव्हाही बरं.

*7) कागदपत्रं*

✅ 6 नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. त्यासाठी वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही.

✅ एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मोठ्या पिकअपचं वजन यावर जाऊ शकतं, म्हणून घेण्याआधी आकडा बघा.

✅ फिटनेस: नव्या गाडीला 2 वर्षं, पुढे 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

✅ जुनी गाडी घेताना आरसी, विमा, फिटनेस, टॅक्स आणि बँकेचा बोजा आधी तपासा. आपल्या पट्ट्यात कंपन्यांच्या कामाला रात्रंदिवस पळालेल्या गाड्या स्वस्तात मिळतात. खाली वाकून मागचे पाटे, चासीवरचे वेल्डिंगचे जोड आणि हौद्याखालचा गंज बघा. पाटा वाढवलेला दिसला तर ती गाडी ओव्हरलोडवरच चालली आहे असं समजा. पाटा वाढवल्याने आरसीवरचा भार वाढत नाही.

❌ घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून विक्रीची मासळी नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम अडवू शकते.

*8) क्रेटवर माणूस बसवू नका*

जाळं ओढणारी चार-पाच पोरं काम झालं की मागे क्रेटवर बसतात. अंधार असतो, हौदा ओला असतो, अंगावर झोप असते आणि पुढे नाशिक हायवेवर कंटेनर असतात. एक जोराचा ब्रेक पुरेसा आहे.

यात विम्याची बाजूही समजून घ्या. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत जात असेल तर त्याला विम्याचं संरक्षण मिळतं, पण तो केबिनमध्ये, सीटवर बसलेला हवा. हौद्यात फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, ती गाडीमालकावर येते. म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचा जीव आणि तुमची जमीन, दोन्ही एका फेरीत पणाला लागतं. पोरांना दुचाकीवर किंवा दुसऱ्या गाडीने पाठवा. तो खर्च काढणीच्या खर्चात धरा.

ओव्हरलोडचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत, शिवाय जास्तीचा माल उतरवून घेतात. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या मासळीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

*9) अनुदान*

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह दुचाकी, बर्फपेटीसह तीनचाकी आणि इन्सुलेटेड गाडी हे घटक ठेवले गेले. प्रकल्प खर्चाच्या सर्वसाधारण गटाला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के असं अनुदानाचं प्रमाण आहे. दुचाकीचा मान्य खर्च 75 हजार, तीनचाकीचा 3 लाख धरलेला आहे. अनुदान या मान्य खर्चावर मोजतात, तुमच्या बिलावर नाही. यंदा कोणत्या घटकाचे अर्ज चालू आहेत ते पुण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. *मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत गाडी घेऊ नका.*

*आता काय करायचं?*

एका कागदावर चार आकडे लिहा: एका फेरीची मासळी, तिचा बर्फ, सोबतची माणसं आणि महिन्याच्या एकूण फेऱ्या. त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, आपण मिळून बघू. ज्यांची काढणी एकाच आठवड्यात येते त्यांनीही कळवा. दोघा-तिघांची मासळी एका गाडीत बसत असेल तर तशी जुळणी करता येईल.

लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. हा मेसेज सेव्ह करा आणि ज्यांच्याकडे शेततळं आहे त्यांना पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी