बांध, माप आणि मजुरी : बायबल शेतकऱ्याला काय सांगते?

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला ख्रिस्ती समाज नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळ्यासारख्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला दर सप्टेंबरात सगळ्या जातीधर्माची माणसे जातात. यातली कितीतरी कुटुंबे शेतीवर नाहीतर शेतमजुरीवर जगतात. रविवारी ज्या ग्रंथाचे वाचन ऐकायचे, तो सोमवारी वावरात कसा लावायचा, हा त्यांच्यापुढचा रोजचाच प्रश्न आहे.

बायबल उघडून पाहा, त्यात शेताचीच भाषा भरलेली दिसेल. पेरणी, मळणी, खळे, मेंढरे, द्राक्षमळा. आणि नियमही किती बारीक! शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नका, असे ‘अनुवाद’ या पुस्तकात बजावले आहे. नीतिसूत्रांत तर पोरक्या लेकरांच्या शेतात शिरू नका, असा वेगळा इशारा आहे. याला आपण बांध कोरणे म्हणतो. दरसाल नांगराचे एक तास पलीकडे जाते, दहा वर्षांत हातभर रान सरकते. शेजारी विधवा बाई असेल तर बोलायलाही कोणी नसते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्यातही हद्दीच्या खुणा मोडणाऱ्याला दंड आहे. पण मोजणी येईपर्यंत कायदा लांब असतो, देव मात्र रोज बांधावर उभा आहे, असे बायबलचे म्हणणे.

दुसरी गोष्ट मापाची. थैलीत एक हलके आणि एक जड अशी दोन वजने ठेवू नका, असा नियम आहे. मापात पाप नको, असे आपले जुने लोकही सांगत आले. मग डेअरीला दूध घालताना तांब्याभर पाणी ओतणारा, गोणीच्या तळाला सडका कांदा भरणारा आणि काट्यावर जादा कडता कापणारा, तिघेही या एकाच नियमात सापडतात.

तिसरी मजुरीची. मजुराचे दाम सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका, सूर्य मावळायच्या आत द्या, असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. कारणही दिले आहे : तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर लागलेला असतो. ‘बाजाराच्या दिवशी बघू’ म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की त्या घरची चूल आज पेटायची आहे. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती हाक देवाच्या कानी जाते, असे म्हटले आहे.

आता कोणी विचारील, हे तीन हजार वर्षांपूर्वीचे नियम, आज कसे लावायचे? त्याची रीत बायबलातच सापडते. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नका, असा एक नियम आहे. पौलाने त्यातला हेतू पाहिला आणि राबणाऱ्याला त्याच्या कामातला वाटा मिळाला पाहिजे, असा अर्थ लावला. आज खळ्यावर बैल नाही, हार्वेस्टर आला. पण कापणीला राबणारी माणसे आहेतच. शेताच्या कडा पुरत्या कापू नका, सरवा गरिबांना राहू द्या, हाही तसाच नियम. परदेशातून आलेली विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच जगली. आज बाजरी, भुईमूग काढल्यावर सरवा वेचायला आलेल्या बाईला हुसकावू नका, एवढे तर कुणालाही जमेल.

गावच्या कारभाऱ्यांसाठीही यात शब्द आहे. जकातदारांनी आम्ही काय करावे असे विचारले, तेव्हा योहानाने नोकरी सोडा असे सांगितले नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. जक्कयाने तर अर्धी मिळकत गरिबांना दिली आणि लुबाडलेले चौपट परत करायचे कबूल केले. सातबाऱ्याची नोंद, दाखला, घरकुलाची यादी ज्यांच्या हातात आहे, त्यांनी हे अवश्य वाचावे, मग ते कुठल्याही धर्माचे असोत.

सुगी झाली की खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत हंगामाची उपकारस्तुती होते. कोणी बाजरीची कणसे आणते, कोणी कोंबडी, कोणी अंडी. पुढे त्याचा लिलाव होतो. रीत चांगली आहे. पण येशूची एक अट आहे : वेदीपाशी दान आणल्यावर आठवले, की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग या. एकाच मंडळीत बसणारे दोन भाऊ बांधावरून कोर्टात भांडत असतील, तर ही अट त्यांना फार जड जाते. वकिलाची फी, तारखांचे हेलपाटे आणि बंद पडलेले बोलणे, यात दोन पिढ्या जातात.

तेव्हा ख्रिस्ती बंधूंनो, यंदा पाटी भरण्याआधी तीन गोष्टी बघा. मजुराचे देणे राहिले का? मापात काही लबाडी झाली का? बांध जागेवर आहे का? काही राहिले असेल तर आधी ते मिटवा. चार कणसे कमी आणलीत तरी चालतील.