एसक्यूएलमधली नेस्टेड क्वेरी: प्रश्नाच्या पोटातला प्रश्न

तुमच्या अँड्रॉइड फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज एसक्यूएलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये साठवलेले असतात. म्हणजे एसक्यूएल ही फक्त मोठ्या कंपन्यांची भाषा नाही, ती रोज तुमच्या खिशातही असते. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा १९७४ मध्ये 'सीक्वेल' या नावाने मांडली. पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे नाव बदलून एसक्यूएल झालं आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचं प्रमाणीकरण झालं.

आजच्या लेखात आपण या भाषेतली नेस्टेड क्वेरी शिकणार आहोत. तिला सबक्वेरीही म्हणतात. तुम्हाला सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर एवढं येत असेल तर पुरे. ती कशी लिहायची हे तर बघूच, पण ती एररसुद्धा न देता चुकीचं उत्तर कधी देते, यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. कारण खरं नुकसान तिथेच होतं.

एक सूचना: वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळ्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. फोनवर टाइप करताना सिलेक्ट, फ्रॉम असे एसक्यूएलचे शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीत टाका. टेबलची आणि कॉलमची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी एसक्यूएलाइटला चालतात.

आपला डेटा

एका कॉलेजची दोन टेबलं समजा. पहिलं 'विद्यार्थी':

क्र | नाव | वर्ग | गुण
१ | सायली | अकरावी | ८२
२ | ओंकार | अकरावी | ५५
३ | रेश्मा | अकरावी | ७३
४ | आदित्य | बारावी | ७२
५ | फातिमा | बारावी | ९१
६ | गणेश | बारावी | ७७

दुसरं 'अर्ज'. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की त्यांची नोंद यात होते:

अर्ज_क्र | विद्यार्थी_क्र
१०१ | १
१०२ | ३
१०३ | ५
१०४ | नल

शेवटच्या ओळीत 'नल' आहे. फॉर्म आला, पण नोंद करताना विद्यार्थ्याचा क्रमांक टाकायचा राहिला. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

नेस्टेड क्वेरी लागते कशाला?

प्रश्न साधा आहे: सरासरीपेक्षा जास्त गुण कोणाला आहेत? बरेच जण आधी असं लिहून बघतात:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर गुण > एव्हीजी(गुण);

इथे एरर येते. कारण व्हेअर एका वेळी एकच ओळ तपासतो आणि सरासरी काढायला सगळ्या ओळी लागतात. खरं तर आपण एका दमात दोन प्रश्न विचारले. आधी सरासरी किती, आणि मग तिच्यापेक्षा जास्त कोण. म्हणून पहिला प्रश्न कंसात घालून दुसऱ्याच्या पोटात ठेवायचा:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर गुण > (सिलेक्ट एव्हीजी(गुण) फ्रॉम विद्यार्थी);

कंसातली क्वेरी ७५ हे उत्तर देते. बाहेरच्या क्वेरीला त्या जागी ७५ दिसतो आणि ती सायली, फातिमा, गणेश ही तीन नावं देते. उद्या नवीन विद्यार्थी आले, सरासरी बदलली, तरी क्वेरीला हात लावावा लागत नाही. हाताने ७५ लिहिला असता, तर दर वेळी बदलत बसावं लागलं असतं.

आतून काय येतंय, हे आधी ओळखा

नेस्टेड क्वेरी वाचताना मी नेहमी एकच गोष्ट आधी बघते: आतल्या क्वेरीचं उत्तर कोणत्या आकाराचं आहे? आकार तीन असतात.

१. एकच किंमत. वरच्या उदाहरणातला ७५ हा असाच. याच्याबरोबर =, >, < ही चिन्हं चालतात.

२. यादी. म्हणजे एका कॉलममध्ये अनेक किंमती. इथे = चालत नाही, 'इन' लागतो. ज्यांचा अर्ज आला त्यांची नावं हवी असतील तर:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर क्र इन (सिलेक्ट विद्यार्थी_क्र फ्रॉम अर्ज);

उत्तर: सायली, रेश्मा, फातिमा.

३. आख्खं टेबल. हे फ्रॉमच्या पुढे येतं. वर्गवार सरासरी काढून त्यातली सगळ्यात मोठी हवी असेल तर:

सिलेक्ट मॅक्स(सरासरी) फ्रॉम
(सिलेक्ट वर्ग, एव्हीजी(गुण) ॲज सरासरी
फ्रॉम विद्यार्थी ग्रुप बाय वर्ग) ॲज तक्ता;

अकरावीची सरासरी ७०, बारावीची ८०, म्हणून उत्तर ८०. कंसानंतरचं 'तक्ता' हे त्या तात्पुरत्या टेबलचं नाव आहे. मायएसक्यूएलमध्ये ते दिलं नाही तर क्वेरी चालत नाही.

आकार चुकला तर काय होतं? समजा 'सायलीच्या वर्गातले सगळे' शोधायला तुम्ही वर्ग = (सिलेक्ट वर्ग फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव = 'सायली') असं लिहिलं. पुढच्या वर्षी बारावीत दुसरी सायली आली. आता आतून दोन ओळी येणार. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल तिथल्या तिथे एरर देतात. एसक्यूएलाइट मात्र त्यातली पहिली ओळ घेतो आणि गुपचूप पुढे जातो. फोनवर सराव करणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. तुमच्याकडे क्वेरी 'चालली' म्हणजे ती बरोबर आहे असं होत नाही.

आतली क्वेरी बाहेर डोकावते तेव्हा

आता प्रश्न थोडा बदलू: *आपापल्या वर्गाच्या* सरासरीपेक्षा जास्त गुण कोणाला? इथे एकच सरासरी पुरणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्याच्या वर्गाची सरासरी लागेल. बाहेरच्या टेबलला 'बा' आणि आतल्याला 'आ' असं छोटं नाव देऊ:

सिलेक्ट बा.नाव फ्रॉम विद्यार्थी बा
व्हेअर बा.गुण >
(सिलेक्ट एव्हीजी(आ.गुण) फ्रॉम विद्यार्थी आ
व्हेअर आ.वर्ग = बा.वर्ग);

आतल्या क्वेरीत 'बा.वर्ग' आलाय. म्हणजे ती बाहेरच्या ओळीवर अवलंबून आहे आणि एकटी चालू शकत नाही. हिला कोरिलेटेड सबक्वेरी म्हणतात. बाहेरची एक ओळ घ्या, तिचा वर्ग आत पाठवा, सरासरी काढा, तुलना करा, पुढच्या ओळीकडे जा, असं ते काम समजून घ्यायचं.

उत्तर बघा: सायली, रेश्मा, फातिमा. मघाशी यादीत असलेला गणेश गेला, कारण बारावीची सरासरी ८० आहे. आणि ७३ गुणांची रेश्मा आत आली, कारण अकरावीची ७० आहे. डेटा तोच होता, प्रश्नातला एक शब्द बदलला आणि यादी बदलली. म्हणून क्वेरी लिहायच्या आधी प्रश्न मराठीत पूर्ण लिहून काढा.

वेगाचं काय? सहा ओळींना काही फरक पडत नाही. सहा लाख ओळी असतील आणि प्रत्येकीसाठी आतली क्वेरी पुन्हा चालवावी लागली, तर पडतो. आजचे डेटाबेस अशी बरीच कामं आतल्या आत सोप्या रूपात बदलून घेतात. तरीही ज्या कॉलमवर आत-बाहेरची जुळणी होते त्यावर इंडेक्स असलेला बरा.

खरा धोका: नॉट इन आणि नल

आता मघाची ती शेवटची ओळ. शिष्यवृत्तीची मुदत उद्या संपते आहे. ज्यांचा अर्ज आलेला नाही त्यांना आज मेसेज पाठवायचा आहे. सरळ डोक्यात येणारी क्वेरी अशी:

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर क्र नॉट इन (सिलेक्ट विद्यार्थी_क्र फ्रॉम अर्ज);

उत्तर: शून्य ओळी. एररही नाही. बघणाऱ्याला वाटणार, 'वा, सगळ्यांनी अर्ज भरले!' मेसेज जाणार नाही आणि ओंकार, आदित्य, गणेश यांना कोणी आठवणच करणार नाही.

असं का झालं? नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा शब्दही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. ओंकारचा क्रमांक २. डेटाबेस विचारतो: २ हा १ पेक्षा वेगळा आहे का? हो. ३ पेक्षा? हो. ५ पेक्षा? हो. 'माहीत नाही' पेक्षा? माहीत नाही! नॉट इनला चारही ठिकाणी 'हो' लागतो. एक जरी 'माहीत नाही' आला, की एकूण उत्तर 'हो' होऊच शकत नाही. आणि व्हेअर फक्त 'हो' असलेल्या ओळीच पुढे सोडतो. सगळ्यांचं असंच होतं, म्हणून यादी रिकामी.

हा डेटाबेसचा बिघाड नाही, एसक्यूएलचा नियमच तसा आहे. उपाय म्हणजे नॉट एक्झिस्ट्स:

सिलेक्ट वि.नाव फ्रॉम विद्यार्थी वि
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट १ फ्रॉम अर्ज अ
व्हेअर अ.विद्यार्थी_क्र = वि.क्र);

एक्झिस्ट्स फक्त एवढंच विचारतो, 'अशी ओळ सापडली का?' नलवाली ओळ कोणाशीच जुळत नाही, त्यामुळे ती आडवी येत नाही. आता ओंकार, आदित्य, गणेश ही तिन्ही नावं मिळतात. अर्ज १०४ या तिघांपैकी एखाद्याचा असू शकतो, तो कागद बघूनच कळेल. पण ज्याने अर्ज भरलाय त्याला एक जादा मेसेज गेला तर बिघडत नाही. ज्याने भरला नाही त्याला गेला नाही, तर वर्ष जातं.

दुसरा धोका: नाव न सांगितलेला कॉलम

समजा अर्ज आलेल्यांची नावं एका यादीतून काढून टाकायची आहेत. 'यादी' या टेबलमध्ये 'क्र' हा कॉलम आहे:

डिलीट फ्रॉम यादी
व्हेअर क्र इन (सिलेक्ट क्र फ्रॉम अर्ज);

'अर्ज' टेबलमध्ये 'क्र' नावाचा कॉलमच नाही, मग एरर येईल ना? नाही येणार. आत कॉलम सापडला नाही की डेटाबेस तो बाहेरच्या टेबलमध्ये शोधतो. तिथे 'क्र' आहेच. मग अट 'क्र हा क्र मध्ये आहे का' अशी होते, जी प्रत्येक ओळीसाठी खरी ठरते. आख्खी यादी साफ! आत 'अ.क्र' असं टेबलच्या नावासकट लिहिलं असतं, तर लगेच एरर आली असती आणि यादी वाचली असती.

कंसात कंस नको असतील तर

तीन-चार कंस एकात एक गेले की वाचताना डोकं गरगरतं. अशा वेळी 'विथ' वापरा. आतली क्वेरी आधीच वर लिहून तिला नाव द्यायचं:

विथ वर्गसरासरी ॲज
(सिलेक्ट वर्ग, एव्हीजी(गुण) ॲज सरासरी
फ्रॉम विद्यार्थी ग्रुप बाय वर्ग)
सिलेक्ट वि.नाव फ्रॉम विद्यार्थी वि
जॉइन वर्गसरासरी व ऑन वि.वर्ग = व.वर्ग
व्हेअर वि.गुण > व.सरासरी;

उत्तर पुन्हा सायली, रेश्मा, फातिमा. एसक्यूएलाइटमध्ये ही सोय २०१४ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे.

या चार सवयी लावून घ्या

- आतली क्वेरी आधी एकटी चालवून बघा: किती ओळी, किती कॉलम, कुठे नल आहे का. कोरिलेटेड असेल तर बाहेरच्या कॉलमच्या जागी एखादी खरी किंमत टाकून बघा.
- 'नाही' असलेल्या प्रश्नाला नॉट इन ऐवजी नॉट एक्झिस्ट्स.
- आतल्या प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलचं नाव.
- डिलीट करण्यापूर्वी त्याच अटीने सिलेक्ट चालवा आणि ओळी मोजा.

तुमच्यासाठी सराव

१. प्रत्येक वर्गात पहिला कोण? (उत्तर: सायली, फातिमा)
२. सगळ्यांत मिळून दुसऱ्या क्रमांकाचे गुण किती? (उत्तर: ८२)
३. बारावीतल्या कोणाचा अर्ज नोंदीत सापडत नाही? (उत्तर: आदित्य, गणेश)

दोन्ही टेबलं फोनवर बनवायला फार तर दहा मिनिटं लागतील. तिसरा प्रश्न मुद्दाम नॉट इन वापरूनही सोडवा. कोरा स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितला, की हा नियम पाठ करावा लागत नाही.