मराठी घरातला रॉक गायक

गायक गेला की आपण त्याच्या ध्वनिमुद्रिका काढून बसतो. बँडमधला गायक गेला की मात्र आठवणींची शोधाशोध करावी लागते. त्याचं गाणं बहुतेक कॉलेजच्या पटांगणात, एखाद्या सभागृहात, त्या रात्रीच्या टाळ्यांबरोबर विरून गेलेलं असतं. ११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे मुंबईत हृदयविकाराने गेला, तेव्हा असंच झालं. कुणी म्हणालं, ‘आत्माराम भेंड्यांचा मुलगा.’ कुणाला ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधलं त्याने गायलेलं कृष्णाचं गाणं आठवलं. दोन्ही खरंच, पण नंदू तेवढाच नव्हता.

वडील आत्माराम भेंडे मराठी रंगभूमीवरचे नामवंत नट-दिग्दर्शक. आई आशाताई, माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्रायली कुटुंबातल्या. अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकही. अशा घरातल्या मुलाने नाटकात जावं हे ओघानेच आलं असतं. नंदू मात्र सत्तरच्या दशकात ‘वेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा नावांच्या बँडमधून इंग्रजी रॉक गात होता. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं, त्यात तो ज्यूडास होता. अर्थात, या दुनियेची बातमी मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यापर्यंत क्वचितच पोचे.

ती पोचली १९७८ मध्ये. जॉन गे यांचा १७२८ सालचा ‘बेगर्स ऑपेरा’, त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ मध्ये बर्लिनला रंगवलेलं नाटक आणि त्यावरून पुलंनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’. थिएटर अकॅडमीची निर्मिती, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. नंदू त्यात गुंडांचा नायक अंकुश. संगीतात आनंद मोडकांबरोबर त्याचाही वाटा होता. एकाच रंगमंचावर लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक शेजारी शेजारी नांदले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वसईहून काकांबरोबर दादरला प्रयोगाला गेलो. काका नाट्यसंगीताचे एकनिष्ठ भक्त. अंकुशाच्या पहिल्याच गाण्याला त्यांच्या भुवया वर चढल्या. मध्यंतरात चहा घेताना एवढंच म्हणाले, “आत्मारामचा ना रे हा?” परतीच्या विरार लोकलमध्ये मात्र खिडकीच्या गजावर त्यांची बोटं ठेका धरत होती, आणि तो ठेका नाट्यसंगीताचा नव्हता.

खरं तर आम्हा वसईकरांना गिटार आणि ड्रम परके नव्हतेच. इथल्या ख्रिस्ती लग्नांतला बँड, चर्चमधलं समूहगान आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण हे संगीत ‘त्यांचं’ आणि अभंग-भावगीत ‘आपलं’, अशी एक कुंपणरेघ मनात असायची. नंदूने ती पुसली. रॉकला लागणारा रासवट आवाज मराठी शब्दांतून काढता येतो आणि तरीही शब्द मराठीच राहतात, हे त्याने गाऊन दाखवलं. आज मराठी बँड सहज ऐकू येतात, तेव्हा ही वाट कुणी आधी चालून पाहिली, याची आठवण ठेवायला हवी.

नंदूपाठोपाठ दीड महिन्याच्या आतच, २३ मे २०१४ रोजी आनंद मोडकही गेले. पुढच्या फेब्रुवारीत आत्मारामही. नव्वदी ओलांडलेल्या बापाला मुलाच्या मागे राहावं लागलं, यासारखं दुःख नाही. पण मुलाने वेगळा सूर धरला तेव्हाही ज्या घराचं दार उघडं राहिलं, त्या घराचं मला कौतुक वाटतं.

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये आजही पाठीवर गिटार अडकवलेली मुलं-मुली दिसतात. गर्दीत ती गिटार जपताना त्यांची कोण तारांबळ उडते! घरी पोचल्यावर ‘याचं पुढे काय?’ हा प्रश्न त्यांची वाट पाहत असणार. आईबापांनी तो जरूर विचारावा; मात्र त्याआधी एक गाणं ऐकून घ्यावं. आणि जमलं तर ते रेकॉर्डही करून ठेवावं.